समुद्रापासून शहात्तर पावलं

हेल्मर नीग्रुंडच्या आजोबांनी होडीघर बांधलं तेव्हा त्याच्या उंबऱ्याला पाणी लागत असे. दार उघडलं की होडी पाण्यात. आजोबा म्हणे आत बाकावर बसूनच गळ टाकायचे; पण आजोबांच्या बाकीच्या गोष्टीही याच जातीच्या असल्यामुळे हेल्मर त्यावर फार भर देत नसे. बापाच्या काळात उंबऱ्यापासून पाणी पंचवीस पावलांवर गेलं. हेल्मरला पेन्शन सुरू झाली तेव्हा ते साठ पावलांवर होतं, आणि त्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलं त्या वर्षी शहात्तर. पावलं तो स्वतः मोजायचा, दर मे महिन्यात, रबरी बूट घालून, एकाच वेगानं चालत.

होडीघर जागचं हललेलं नव्हतं. समुद्रही तसा कुठं गेलेला नव्हता. वर येत होती ती जमीन. तोर्शेर गावात जमीन दरवर्षी करंगळीच्या नखाएवढी वर येते. फार फार पूर्वी तिच्या छातीवर बर्फाचा डोंगर बसला होता. तो उठून गेला, आणि तेव्हापासून ती सावकाश श्वास भरून घेते आहे. किनारा इतका सपाट, की जमीन नखभर उचलली तरी समुद्र पाऊलभर मागे सरतो. त्यामुळे गावातली नावं आणि गाव यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. 'मोठी सामुद्रधुनी' हा बसचा थांबा आहे. 'हंसबेट' हे बटाट्याचं शेत आहे. तोर्शेर म्हणजे स्वीडिशमध्ये कोरडं बेट. फिनिशमध्ये गावाचं नाव कुइवालुओतो, त्याचाही अर्थ तोच. कोरडं आहे हे खरं, पण बेट कुठं होतं हे आता दाखवता येत नाही. पाटीवर मात्र दोन्ही नावं आहेत, स्वीडिश वर आणि फिनिश खाली, कारण गेल्या मोजणीत स्वीडिश बोलणारे अकरा माणसांनी जास्त भरले.

हेल्मरचा बाप ज्या खाडीतून होडी वल्हवत चर्चला गेला, त्याच वाटेनं हेल्मरनं छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. गावात दोन शाळा, एक स्वीडिश आणि एक फिनिश, बस एकच. प्रत्येक थांब्याचं नाव हेल्मर आधी एका भाषेत ओरडायचा आणि मग दुसऱ्या. मुलं भांडली की दोन्ही भाषांत रागवायचा, म्हणजे कुणाला कमी पडलं असं व्हायला नको. तेव्हा हेल्मरला फिनिश उत्तम येतं हे गावातल्या चाळिशीच्या आतबाहेरच्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या कानांनी माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.

बस चालवणं हे त्याचं काम होतं. त्याचं आयुष्य मात्र होडीत होतं. सहाव्या वर्षी बापाबरोबर पहिल्यांदा जाळं टाकायला गेला, तेव्हापासून एक उन्हाळा चुकला नव्हता. बायको एथेल गेली त्या उन्हाळ्यातही तो रोज पहाटे जायचा; मासे आणायचा नाही, पण जायचा. होडीघरापासून पाण्यापर्यंत त्यानं एक चर खणून ठेवला होता, आणि दर वसंतात फावड्यानं तो खोल करत समुद्राच्या मागे मागे जायचा. मग एका मे महिन्यात फावडं मारता मारता तो चरात खाली बसला आणि अर्धा तास त्याला उठता आलं नाही. त्या वर्षी होडी आतच राहिली. पुढच्या वर्षीही. लोकांनी विचारलं की म्हणायचा, "पाठ जरा धरलीये." पाठीला काही झालेलं नव्हतं. समुद्र लांब गेला होता, आणि तसं म्हणवत नव्हतं.

यावर गावात शेकडो वर्षांचा एक उपाय आहे. होडीघर उचलायचं आणि समुद्राजवळ न्यायचं. भर हिवाळ्यात, जमीन दगडासारखी गोठलेली असताना, घराखाली लाकडी धावा, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, सरकवायच्या आणि सगळ्या गावानं मिळून ओढायचं. कुणी मजुरी मागत नाही. ज्याचं घर त्यानं वाटाण्याचं सूप, कॉफी आणि वेलदोड्याचे पाव द्यायचे. हेल्मरनं अशी नऊ घरं ओढली होती. फेब्रुवारीत त्यानं ठरवलं, आता आपलं. वीस-पंचवीस जणांना बोलला, सगळे हो म्हणाले. सूपाच्या वाट्या मोजून ठेवल्या. मार्च संपायच्या आत काम व्हायला हवं होतं. बर्फ वितळलं की तिथं गुडघाभर चिखल, मग थेट पुढचा हिवाळा. आणि पुढच्या हिवाळ्याबद्दल हेल्मर अलीकडे ठाम काही बोलत नसे.

अडचण एकच होती. तिचं नाव अर्वो कीवेला.

अर्वोचं होडीघर हेल्मरच्या शेजारीच होतं. कीवेला मंडळी गावात नवी. एकोणीसशे एकवीस साली आलेली. दोघांच्या आजोबांनी किनारा वाटून घेतला तेव्हा मोजणीदारानं नकाशावर रेघ मारली आणि टोकाला लिहिलं, 'पाण्यातल्या सीलच्या खडकापर्यंत.' तेव्हा त्या खडकाचं एकच टोक पाण्याबाहेर होतं आणि त्यावर सील आरामात ऊन खात पडलेले असायचे. पुढं जमीन वर आली, आणि पहिल्या खडकापासून चार पावलांवर दुसरा एक खडक वर आला. तितकाच मोठा, तसाच गोल. सील केव्हाच निघून गेले होते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. हेल्मर म्हणाला सीलचा खडक तो, पलीकडचा. अर्वो म्हणाला हा, अलीकडचा. दोन खडकांमध्ये चार पावलं रुंद जमीन. तिच्यावर बोरू, थोडं गवत आणि टिरणीचं एक काटेरी झुडूप, ज्याला शरद ऋतूत आंबट केशरी फळं येतात. अर्वोची बायको हिल्का त्यांचा मुरंबा करायची. एका ऑक्टोबरात हेल्मरनं आपल्या हद्दीतलं म्हणून ते झुडूप तोडलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेवढी वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

नेमकी होडीघर न्यायची वाट त्या चार पावलांवरूनच होती. हेल्मरच्या हद्दीत डाव्या अंगाला एक झरा होता, तो उणे तीस अंशांतही गोठत नसे. तिथून नेलं असतं तर होडीघर पाताळात गेलं असतं. आणि नगरपालिकेचा नियम असा, की इमारत हलवायची तर शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि त्याची सही आणायची. छापील कागद होता. एका बाजूला स्वीडिश, दुसऱ्या बाजूला फिनिश.

हेल्मरनं कागद स्वतः नेला नाही. तो कचेरीत गुन-ब्रिटकडं दिला. गुन-ब्रिट कचेरीची चिटणीस. तिचे वडील स्वीडिश बोलणारे, आई फिनिश बोलणारी. सरकारी नोंदीत मातृभाषा एकच लिहिता येते, म्हणून तिच्या आईवडिलांनी थोरल्या मुलीची एक लिहिली आणि धाकटीची दुसरी. शाळेची सगळी वर्षं ती हेल्मरच्या बसमध्ये दुसऱ्या रांगेत बसून शाळेत गेली होती.

"हेल्मरकाका, तुम्हीच का नाही जात? चारशे पावलांवर घर आहे त्यांचं."

"हे कचेरीचं काम आहे. कचेरीतच झालं पाहिजे."

तिनं दोघांनाही बारा मार्चला दहा वाजता बोलावलं. दोघंही पावणेदहाला आले आणि पंधरा मिनिटं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून समोरच्या भिंतीवरचा गावाचा नकाशा पाहत राहिले. कायद्यानं प्रत्येकाला कचेरीत आपापल्या भाषेत काम करून घ्यायचा हक्क होता, आणि या दोघांनी आयुष्यात दुसरा कुठला हक्क इतका वाजवून घेतला नव्हता. म्हणून गुन-ब्रिट टेबलाच्या मधोमध बसली. तिनं कॉफी ओतली, पावाची ताटली दोघांना सारख्या अंतरावर ठेवली.

"या गृहस्थांना सांग," हेल्मर स्वीडिशमध्ये म्हणाला, "की मला फक्त एक दिवस त्यांच्या, म्हणजे त्या जागेवरून जायचंय."

"'त्यांच्या' म्हणाला तो!" अर्वो फिनिशमध्ये म्हणाला. "लिहून घे!"

"अर्वोकाका," गुन-ब्रिट म्हणाली, "मी अजून भाषांतर केलेलं नाही."

अर्वोनं पाव उचलला. "मग कर. मी थांबतो."

तिनं केलं. अर्वोनं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं गंभीरपणे ऐकलं, दोनदा मान हलवली.

"याला सांग, की जागा कुणाची हे आधी ठरू दे. त्यानं लिहून द्यावं, की अलीकडचा खडक हाच सीलचा खडक. मग होडीघर न्यावं, चर्च न्यावं, काय हवं ते न्यावं."

गुन-ब्रिटनं ते स्वीडिशमध्ये सांगितलं. ते सांगून होईपर्यंत हेल्मरचे कान लाल होऊन परत पांढरे झाले होते.

"त्यांना सांग, तसं मी लिहून देणार नाही. माझ्या बापानं त्या खडकाला होडी बांधलेली मी पाहिलीये."

"त्याला विचार, घाई कसली झालीये एवढी?" अर्वो म्हणाला. "आणखी दोन हजार वर्षं दम धर म्हणावं. मग स्वीडनपर्यंत पायीच जाता येईल. होडीची भानगडच नाही."

हेल्मरच्या नाकातून कॉफी बाहेर आली.

तो हसत नव्हता, खोकत होता, असं त्यानं रुमालानं दाखवायचा पुष्कळ प्रयत्न केला. अर्वो समोरच्या नकाशाकडं पाहत होता, पण त्याच्या मिशीचं एक टोक वर गेलं होतं. गुन-ब्रिट सरकारी माणूस. तिनं हेल्मरचा खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि मग दोन हजार वर्षांचं ते वाक्य शब्दन्‌शब्द स्वीडिशमध्ये सांगितलं. हेल्मरनं ते दगडी चेहऱ्यानं ऐकून घेतलं.

"यात हसण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

"नाही," गुन-ब्रिट म्हणाली. "मग सहीचं काय करायचं, अर्वोकाका?"

"विचार करतो," अर्वो म्हणाला, आणि कागदाची घडी घालून खिशात टाकून निघून गेला.

कीवेला माणूस 'विचार करतो' म्हणाला की आठवडा धरायचा असतो. आठवडा गेला. हेल्मर रेडिओवर हवामान ऐकत होता. आधी स्वीडिश बातम्यांत, मग फिनिश बातम्यांत, तिथं थंडी जरा जास्त सांगतील या आशेनं. दोन्हीकडं एकच होतं: चोवीस तारखेपासून हवा उबदार. पन्हळीच्या टोकाला लटकलेल्या बर्फाच्या सुळक्यांतून दुपारचे थेंब पडू लागले. ओढायला येणारे लोक वाटेत भेटले की विचारायचे, "मग, कधी? ट्रॅक्टर तयार ठेवलाय." एकदा दुकानात शेजारच्या आळीतली बेर्गलियोट म्हणाली, "हेल्मर, तुझे वाटाणे भिजून भिजून मोड आले असतील की."

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट म्हणजे अर्वो. गेले दोन उन्हाळे हेल्मर खिडकीत बसून होता, आणि आठवड्यातून दोनदा अर्वो बादली हातात घेऊन त्याच्या खिडकीवरून जायचा. बादलीतून पर्च माशांच्या शेपट्या बाहेर आलेल्या. एकदा तर पाईक माशाचं भलंमोठं तोंड. मुद्दाम हळू चालायचा. म्हणजे त्याची होडी पाण्यात होती, त्याचं सगळं नीट चाललं होतं, आणि तेवढ्यासाठीही याला एक सही देववत नव्हती!

एकवीस मार्चला सकाळी हेल्मर उठला, कॉफी प्याला, दाढी केली, रविवारचा कोट घातला. मग कोट काढून रोजचा घातला. अर्वोसाठी रविवारचा कोट घातला असं दिसायला नको. पायानं ढकलायची बर्फावरची खुर्चीगाडी काढली आणि निघाला. चारशे पावलांची वाट. मध्ये तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा गाडीच्या धावेला काहीतरी लागल्याचं पाहून पुढं निघाला. धावेला काही लागलेलं नव्हतं.

दार हिल्कानं उघडलं. कंबरेवर हात ठेवून तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एकोणीस वर्षं लागली चारशे पावलं यायला? बूट काढ. फरशी आत्ताच पुसलीये."

हेल्मरनं बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. एथेल असती तर नसतं, असं हिल्काच्या नजरेत दिसलं, आणि तिनं ते बोलून दाखवलं नाही याचे हेल्मरनं मनात आभार मानले.

अर्वो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. तो उठला नाही, पण त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. कीवेलांच्या घरात हा मोठा सन्मान होता.

हेल्मर उभाच राहिला. वाटेवर त्यानं एक वाक्य तयार केलं होतं, स्वीडिशमध्ये, ताठ मानेचं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथं अडकलं. मग जे बाहेर पडलं ते फिनिश होतं, छत्तीस वर्षं बसमध्ये वापरलेलं, शाळेच्या मुलांचं, साधंसुधं फिनिश.

"अर्वो, मला समुद्रावर जायचंय. दोन वर्षं झाली. पाठ बरी आहे माझी. मला चर खणवत नाही. सही दे."

अर्वो टेबलावरच्या मीठदाणीकडं पाहत राहिला. हिल्कानं झाडू भिंतीला टेकवला.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"हिल्का."

"मीच सांगते. दोन वर्षं हा माणूस शहरातल्या बाजारातून मासे आणतोय. आठवड्यातून दोनदा. तिथून मोटारीनं येतो, वळणावर मोटार लावतो, मासे बादलीत घालतो आणि तुझ्या खिडकीवरून पायी चालत येतो! मागच्या ऑगस्टमध्ये तर पाईक आणला, मासेवाल्याकडून, बर्फात ठेवलेला. डोळे पांढरे झालेले त्याचे. तुला दिसलं नाही?"

हेल्मरनं अर्वोकडं पाहिलं. अर्वोचे कान लाल होऊन पांढरे होत होते. हेल्मरनं असं काही आजवर फक्त आरशात पाहिलं होतं.

"तुझं होडीघर पण..." हेल्मर म्हणाला.

"एकसष्ट पावलं," अर्वो म्हणाला. "माझ्या बापानं जरा पुढं बांधलं होतं म्हणून. खांदा धरलाय माझा. वल्ही उचलत नाहीत."

"खांदा," हेल्मर म्हणाला.

"खांद्याला काही झालेलं नाही," हिल्का म्हणाली. तिनं कपाटाचा खण ओढला, टेबलावर घालायच्या चादरींच्या खालून एक कागद काढला आणि टेबलावर आपटला. होडीघर हलवण्यासाठी शेजाऱ्याच्या संमतीचा कागद. फिनिश बाजूनं भरलेला, नोव्हेंबरची तारीख घातलेला. शेजाऱ्याच्या सहीची जागा रिकामी. शेजारी म्हणजे हेल्मर.

"नोव्हेंबरपासून?" हेल्मर म्हणाला.

"तू आधी मागशील म्हणून थांबलो होतो," अर्वो म्हणाला.

"मग मी मागितली ना! नऊ दिवस झाले!"

"तुला दिली असती तर मग मला तुझी मागावी लागली असती."

हे अगदी सरळ होतं. हेल्मर खुर्ची ओढून बसला. हिल्कानं न विचारता कप भरला. दोघांनी बराच वेळ कॉफी ढवळली, साखर घातलेली नसताना.

"आणि खडकाचं काय?" शेवटी हेल्मर म्हणाला. "तसं मी लिहून देणार नाही. ते बघ आधीच सांगतो."

अर्वो खिडकीबाहेर पाहू लागला. "खाली एकच आहे तो," तो म्हणाला.

"काय एकच?"

"खडक. दोन टोकं वर आलीत. मधली माती मेंढ्यांनी उकरली तेव्हा दिसलं. खाली पाठ सलग आहे, पाणघोड्यासारखी. आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं! मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

हेल्मरनं कप खाली ठेवला. त्याला मोठ्यांदा काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते तो म्हणालाही असता. पण म्हातारपणी माणसाला सगळ्यात जास्त त्रास स्वतःच्या प्रामाणिकपणाचा होतो.

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "सहा वर्षांपूर्वी. पहारेनं ठोकून पाहिलं होतं. इकडं ठोकलं की तिकडं आवाज यायचा."

"मग तू का नाही बोललास?"

"तू बोलत नव्हतास."

हिल्का दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती. मग ती इतकी हसली, की तिला फडक्यानं डोळे पुसावे लागले, आणि फडकं फरशीचं होतं.

"माझी टिरणी गेली ती गेलीच," ती म्हणाली. "त्या मुरंब्याचं काय करायचं ते दोघं मिळून ठरवा. आता सह्या करा."

सह्या केल्या. पेन एकच होतं. हेल्मरनं आधी केली. अर्वोनं चष्मा लावून हेल्मरचा कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला, स्वीडिश बाजूनं, ओठ न हलवता, आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग केली.

तेवीस मार्चला, उबदार हवा यायच्या आदल्या दिवशी, दोन्ही होडीघरं हलली. सकाळी साडेसातला एकतीस माणसं, दोन ट्रॅक्टर आणि एक कुत्रा जमला. पहिलं कोणाचं हे ठरायचं होतं; अर्वो म्हणाला, हेल्मरचं जुनं आहे, ते आधी जाऊ दे. धावांवर घर चढलं, दोर ताणले गेले, आणि हेल्मरच्या मेहुण्यानं स्वीडिशमध्ये "एक, दोन, तीन" म्हटलं. डावीकडच्यांनी ओढलं. उजवीकडचे फिनिश तीनची वाट पाहत उभे राहिले. घर कोपऱ्यातून वळलं आणि टिरणीच्या जुन्या बुंध्यावर जाऊन अडकलं. दुसऱ्यांदा फिनिशमध्ये मोजलं, तर ते उलट्या बाजूला वळलं.

"असंच चाललं तर नाचत नाचत पोचेल," बेर्गलियोट म्हणाली.

शेवटी हिल्का घरातून सूपाचं पातेलं आणि लाकडी डाव घेऊन आली. तिनं पातेल्यावर डाव हाणला की सगळे ओढायचे. आवाज कुठल्याच भाषेचा नव्हता. घर सरळ चालू लागलं. दोन खडकांमधून जाताना एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला सहा बोटं उरली, हेल्मर आणि अर्वो दोन्हीकडं चवड्यांवर बसून ती बोटं पाहत होते, आणि गुन-ब्रिट, जी सुट्टी घेऊन मदतीला आली होती, दोर ओढता ओढता म्हणाली, "कुणाला काही भाषांतर करून हवं असेल तर आजच सांगा."

तीन वाजेपर्यंत दोन्ही घरं नव्या जागी दगडी पायावर बसली. सूपात वाटाणे जास्त आणि मांस कमी झालं, कारण हेल्मरनं मांस पंचवीस माणसांपुरतंच आणलं होतं. कुणी काही बोललं नाही. बेर्गलियोट बोलली.

एप्रिलच्या शेवटी खाडीतलं बर्फ फुटलं. आठवडाभर ते करकरत, एकमेकांवर चढत बाहेर निघून गेलं. अकरा मेच्या सकाळी हेल्मर होडीघराशी आला. दार उघडलं. उंबऱ्यापासून पाणी सहा पावलांवर होतं; त्यानं मोजलं, रबरी बूट घालून. होडीच्या तळाला डांबर लावून आठवडा झाला होता, आत पाणी ओतून ठेवल्यानं लाकूड फुगून फटी बंद झाल्या होत्या. त्यानं खांदा लावला. होडी गुळगुळीत फळ्यांवरून घसरली आणि पाण्यात शिरली. इतकी सहज, की तो तिच्यामागं जवळजवळ पडलाच. आत चढायला त्याला दोन प्रयत्न लागले. कुणी पाहिलं का हे त्यानं पाहिलं. अर्वो पाहत होता, आपल्या दारात वल्हं हातात घेऊन उभा; पण त्यानं तोंड दुसरीकडं वळवलं, जसं सभ्य माणूस करतो.

हेल्मरनं वल्ही लावली. दहा-बारा वेळा वल्ही मारल्यावर त्यानं एक वल्हं सरळ खाली धरून पाहिलं. तळ लागला नाही. आणखी खाली घातलं, कोपरापर्यंत बाही भिजली, तरी लागला नाही. दोन वर्षं त्याच्या छातीत कुठंतरी काहीतरी घट्ट धरून बसलं होतं, ते त्या थंड पाण्यात सैल झालं. वारा पश्चिमेचा होता आणि अगदी मंद. बाहेरची बेटं, अजून बेटंच असलेली, धुक्यात निळी दिसत होती.

"कुठं निघालास?" मागून अर्वोची हाक आली.

हेल्मर थांबला. जाळं त्यानं आणलं नव्हतं. गळ आणला नव्हता. कॉफीचा थर्मासही घरी टेबलावर राहिला होता. जायचं, एवढाच विचार त्यानं केला होता. कुठं, हे काही ठरवलं नव्हतं.

"कुठंच नाही!" तो फिनिशमध्ये ओरडला, आणि वल्ही मारत पुढं निघाला.